आठ तेरा पकडायचीय!

डोंबिवली स्टेशनच्या पुलावर सकाळी हे ऐकू आलं की माणसं आपसूक बाजूला होतात. गाडी ‘पकडणं’ आता इतकं आपलं झालंय की त्यामागे इंग्रजी ‘कॅच’ उभा आहे, हे जाणवतही नाही.

शाळेत आपण कॅच-कॉट-कॉट घोकलं आणि अर्थ लिहिला ‘पकडणे’. पण हा शब्द इंग्रजीत आला तो ‘मागे लागणे’ हा अर्थ घेऊन. लॅटिनमधल्या एकाच क्रियापदाची जुन्या फ्रेंचच्या दोन बोलींत दोन रूपं झाली. उत्तरेकडचं रूप इंग्रजीत ‘कॅच’ झालं, पॅरिसकडचं ‘चेस’. पुढे भावंडांच्या वाटण्या झाल्या : धावणं ‘चेस’कडे गेलं, हाती लागणं ‘कॅच’कडे. ‘कॉट’ हे भूतकाळाचं रूपसुद्धा ‘लॅच’ या अस्सल इंग्रजी क्रियापदाच्या जुन्या वळणावर बेतलेलं.

आपल्यावर गाडी पकडायची वेळ आणली ती रेल्वेने. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी ठाण्याला आली. 1854 मध्ये रूळ कल्याणला पोचले. तोवर इथल्या माणसाला वाहन पकडावं लागत नव्हतं. बैलगाडीवाल्याला हाक मारली की तो थांबे. आगगाडी मात्र कुणासाठी थांबेना.

तिच्यापर्यंत वेळेत पोचण्यासाठी मराठीकडे स्वतःचा शब्द होताच : गाठणं. माझी आई अजूनही म्हणते, “डबा घे पटकन, गाडी गाठायचीय ना?” मला हा शब्द ‘पकडण्या’पेक्षा सरस वाटतो. त्यात अंतर आहे, घाई आहे, आणि पोचल्याचा सुस्काराही आहे. ‘कॅच’ने वाटणीत गमावलेली धाव ‘गाठणं’ने जपली आहे.

आणखी एक गोष्ट. इंग्रजीत माणूस गाडी चुकवतो. मराठीत गाडीच चुकते. “मिळाली का रे आठ तेरा?” “नाही रे, चुकली.” जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलेल्या माणसावर आपली भाषा ठपका ठेवत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात पोरं ओरडतात, “कॅच पकड!” म्हणजे इंग्रजी शब्द नाम झाला आणि त्याचाच अर्थ क्रियापद होऊन शेजारी बसला. वर्तमानपत्रातला ‘झेल’ तिथे कुणाच्या तोंडी नसतो. पण चेंडू हातातून निसटला की सगळे म्हणतात, “सुटला!” सकाळी पुलावर, शेवटचा डबा फलाटाबाहेर जाताना, त्यांचे आईबापही हेच म्हणालेले असतात : “सुटली!”