तिरळेपणा : मुलांमधील विकाराच्या आकलनाचा इतिहास

एखाद्या वस्तूकडे पाहताना दोन्ही डोळ्यांचे दृष्टि-अक्ष तिच्यावर एकत्र न येता एक डोळा नाकाकडे, कानाकडे, वर किंवा खाली वळलेला राहतो, या विकाराला तिरळेपणा म्हणतात. हा दोष केवळ स्नायूंचा व दिसण्याचा आहे, ही समजूत दीर्घकाळ टिकली आणि तिची किंमत बालकांच्या दृष्टीला द्यावी लागली.

ईजायना येथील पॉल या ग्रीक वैद्यांनी सातव्या शतकात तिरळ्या अर्भकांना मुखवटा बांधण्याचा उपाय सांगितला. जर्मन शल्यचिकित्सक गेओर्ख बार्टिश यांच्या १५८३ सालच्या नेत्रविषयक ग्रंथातही असे मुखवटे आहेत. छिद्रातून पाहावयाचे म्हणून डोळा समोर वळेल, ही कल्पना पटण्यासारखी वाटली, तरी मुलाचे काम एका डोळ्याने भागत असे.

फ्रेंच निसर्गवैज्ञानिक ब्यूफाँ (१७०७–८८) यांनी १७४३ मध्ये दोन डोळ्यांच्या दृष्टिशक्तीतील असमानतेकडे लक्ष वेधले आणि चांगला डोळा काही काळ झाकून दुबळ्या डोळ्याला पाहावयास लावण्याचा सल्ला दिला. त्याच काळात इंग्लंडचे फिरते नेत्रवैद्य जॉन टेलर शस्त्रक्रियेचा देखावा करून चांगला डोळा झाकीत. त्यामुळे तिरळा डोळा तात्पुरता सरळ होई आणि पट्टी सुटण्यापूर्वी टेलर गाव सोडीत, असा समकालीनांचा आक्षेप आहे. खरा उपचार व फसवणूक अशा रीतीने एकाच क्रियेवर उभी होती.

बर्लिन येथे योहान डीफेनबाख (१७९२–१८४७) यांनी २६ ऑक्टोबर १८३९ रोजी सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्याचा आतील स्नायू छेदून तो सरळ केला. संवेदनाहरणाची सोय तेव्हा नव्हती, तरीही शस्त्रक्रियेची लाट यूरोपभर पसरली. स्नायू पूर्ण छेदल्याने पुष्कळांचे डोळे पुढे बाहेरच्या बाजूस वळले.

डच वैद्य फ्रान्स डाँडर्स (१८१८–८९) यांनी १८६४ मध्ये दूरदृष्टिता व आत वळणारा डोळा यांचा संबंध दाखविला. स्पष्ट दिसण्यासाठी मूल नेत्रभिंगावर अधिक ताण देते व त्याबरोबर डोळे आत वळतात. अशा अनेक मुलांना बहिर्गोल भिंगांचा चष्मा पुरतो. मात्र न वापरलेला डोळा मंद का होतो, याचा उलगडा हूबेल व वीझेल यांच्या १९६० नंतरच्या प्रयोगांनी केला. मांजराच्या पिलाची एक पापणी सुरुवातीच्या काही आठवड्यांत बंद ठेवल्यास मेंदूतील बहुतेक दृष्टिपेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देत नाहीत. प्रौढ मांजरात असे घडत नाही. या दोघांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

ब्यूफाँ यांची पट्टी त्यामुळे पुन्हा प्रतिष्ठित झाली. सात वर्षांखालील मुलांच्या मध्यम मंददृष्टीत रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी पडते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आढळले. तिरळेपणा भाग्याचा मानण्याच्या किंवा तो वयाबरोबर जाईल या समजुतीने मात्र ही वर्षे वाया जातात. क्वचित जालपटलाच्या कर्करोगाचेही ते पहिले लक्षण असते. म्हणून चार महिन्यांनंतरही डोळा वळत असल्यास बालकाची नेत्रतपासणी त्वरित करावी लागते.