प्रत एकच!

न्हावा शेवा म्हटलं की तुम्हाला कंटेनर आठवतात, हो ना? पण १९८९ मध्ये बंदर सुरू झालं, त्याआधी तिथे शेवा कोळीवाडा होता. त्याची माणसं आता उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात राहतात. असं गाव उठलं की कागदावरचा फोटो हाच पुरावा. निगेटिव्ह हरवली तर प्रत एकच.

पोलरॉइडची ओढ मला इथून कळते. १९४८ मध्ये विक्रीला आलेल्या या कॅमेऱ्यात फोटो मिनिटभरात हातात यायचा, पण पुन्हा छापता येईल अशी निगेटिव्ह सहसा उरायची नाही. २००८ मध्ये कंपनीने फिल्म बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा काही चाहत्यांनी आणि जुन्या कर्मचाऱ्यांनी नेदरलँड्समधला कारखानाच वाचवला. फोनमध्ये हजारो फोटो असतानाही! आणि हा फोटो उन्हात विटतो, तेव्हा भिंतीपेक्षा ट्रंकेतच बरा.