गप्प बसणे म्हणजे शहाणपण नव्हे

बायबल जिभेला आवर घालायला सांगते, तेव्हा गप्प बसेल तो शहाणा, असे प्रवचनांतून सर्रास ऐकायला मिळते. आधार दिला जातो तो नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायातल्या शेवटच्या वचनाचा. ते वचन नीट वाचा. तोंड मिटून बसलेला मूर्खही शहाण्यांत गणला जातो, एवढेच तिथे म्हटले आहे. गणला जातो, शहाणा होतो असे नाही. मौनाने मूर्खपणा झाकतो, जात नाही.

बोलणे वाढले की पाप वाढते, हेही नीतिसूत्रांतच आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. चहाडी, खोटी साक्ष, उतावळे उत्तर यांवर या ग्रंथाने जितके कोरडे ओढले आहेत तितके थोड्याच गोष्टींवर ओढले असतील. पण आवर म्हणजे कुलूप नव्हे. याकोबाने आपल्या पत्रात जिभेसाठी घोड्याचा लगाम आणि जहाजाचे सुकाणू हे दाखले दिले. लगाम घोडा चालवण्यासाठी असतो, तबेल्यात बांधून ठेवण्यासाठी नव्हे. शिवाय त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात हाच याकोब मजुरांची मजुरी अडवणाऱ्या धनिकांवर तुटून पडतो.

या बाबतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती अबीगईल (1 शमुवेल 25). तिचा नवरा नाबाल तीन हजार मेंढरांचा धनी. लोकर कातरणीच्या दिवसांत दाविदाची माणसे शिधा मागायला आली, तर त्याने त्यांना अपमान करून हाकलले. दावीद चारशे माणसे घेऊन निघाला. घरातला एकही पुरुष जिवंत ठेवायचा नाही, अशी शपथ घेऊन. अबीगईलने दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, रांधायला तयार केलेली पाच मेंढरे, हुरडा, मनुका, अंजिरांच्या ढेपा गाढवांवर लादल्या. नवऱ्याला चकार शब्द सांगितला नाही. मग डोंगराच्या आडोशाने उतरून ती दाविदाच्या पाया पडली आणि बोलली, चांगली सविस्तर बोलली. नवरा नावासारखाच मूर्ख आहे, हेही तिने लपवले नाही. रक्तपात टळला. घरी परतली तर नाबाल मेजवानीत दारू पिऊन तर्र. त्या रात्री ती काहीही बोलली नाही. सकाळी त्याची नशा उतरल्यावर सगळे सांगितले.

एकाच बाईचे दोनदा मौन, दोनदा बोलणे. शहाणपण आहे ते वेळ ओळखण्यात.

ईयोबाच्या ग्रंथातही हेच दिसते. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. ते मौन खरेच थोर होते. त्याचे दुःख त्यांनी पाहिले होते. पुढे तोंड उघडून त्यांनी त्यालाच दोषी ठरवले. ईयोब मात्र आक्रोश करत राहिला, स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देत राहिला. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो त्या संयत भाषेतल्या मित्रांवर, आणि ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला असा निवाडा देतो.

म्हणूनच मार खाणाऱ्या सुनेला किंवा मंडळीत हिशेब मागणाऱ्या तरुणाला बायबलचे नाव घेऊन गप्प करणे मला सहन होत नाही. त्यांना सतरावा अध्याय ऐकवणाऱ्यांनी पाने उलटून एकतिसाव्यापर्यंत यावे. तिथे लमुएल राजाची आई मुलाला बजावते आहे की ज्यांना स्वतःसाठी बोलता येत नाही त्यांच्यासाठी तू तोंड उघड.