यूपीआय बंद पडलं म्हणजे नेमकं काय बंद पडतं?

मुकुंदवाडीत भाजीच्या गाड्यावर मेथीची जुडी घेतली, क्यूआर स्कॅन केला आणि स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहिलं. ‘नेट गेलं वाटतं’ असं आपण म्हणून टाकतो. पण नेट नीट चालू असतानाही पेमेंट अडकतं, कारण मधे बरेच टप्पे आहेत.

तुमची विनंती आधी अ‍ॅपच्या भागीदार बँकेकडे जाते. तिथून ती एनपीसीआय, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या यंत्रणेत पोचते. ही यंत्रणा तुमच्या बँकेला पैसे वजा करायला सांगते आणि भाजीवाल्याच्या बँकेला जमा करायला.

२०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याआधी वॉलेटचा जमाना होता. देणारा आणि घेणारा, दोघांकडे एकाच कंपनीचं वॉलेट लागायचं. यूपीआयने ती भिंत पाडली. आता अ‍ॅप कुठलंही, बँक कुठलीही, स्टिकर कुठल्याही कंपनीचं असो, पैसे पोचतात. हा खुलेपणा खरा आहे. पण तो कडेला आहे. मधला चौक एकच, आणि सगळी वाहतूक तिथूनच जाते.

१२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, हा चौकच तुंबला आणि देशभर काही तास पेमेंट अडकली. मागचं कारण कळलं तेव्हा गंमत वाटली. काही बँकांच्या यंत्रणा ‘व्यवहाराचं काय झालं?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, त्यात जुने व्यवहारही होते. त्या प्रश्नांच्या गर्दीनेच यंत्रणा मंदावली. म्हणून १ ऑगस्ट २०२५ पासून अशा विचारणांवर मर्यादा आली. आपल्यालाही एका अ‍ॅपमधून दिवसात ५० वेळाच शिल्लक पाहता येते (त्याहून जास्त वेळा कोण बघतं, देव जाणे).

आता पर्याय पाहू. यूपीआय लाइटमध्ये रक्कम आधीच बाजूला काढलेली असते, त्यामुळे छोट्या पेमेंटला तुमच्या बँकेच्या सर्व्हरची वाट बघावी लागत नाही. बँक झोपली असेल तर हे कामी येतं. दुसऱ्या बँकेचं खातं जोडलेलं असेल तर तेही येतं. *९९# डायल केलं तर इंटरनेट लागत नाही, पण व्यवहार शेवटी यूपीआयवरूनच होतो. म्हणजे मधला चौक बंद असेल तर यातलं काहीच चालत नाही. नुसतं दुसरं अ‍ॅप उघडूनही फायदा नाही. तेव्हा खिशातली नोटच चालते, आणि गाडेवाल्याने गल्ल्यात सुट्टे ठेवणं हा मागासपणा नाही, शहाणपणाच आहे.

खुलेपणाची किंमत दुसरीकडेही मोजावी लागली. कुणीही कुणालाही ‘पैसे द्या’ अशी विनंती पाठवू शकत होतं, आणि त्यातून फसवणूक व्हायची. व्यक्तीने व्यक्तीला पाठवायची ही सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआर स्टिकरचं तसं करता येत नाही. दुकानाच्या स्टिकरवर कुणी आपलं चिकटवलं तर यंत्रणेला ते कळत नाही. म्हणून पिन टाकण्याआधी दिसणारं नाव दुकानदाराला वाचून दाखवा.

खात्यातून पैसे गेले आणि समोर पोचलेच नाहीत, तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराच्या पेमेंटचे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तक्रार करताना अ‍ॅपमधला यूटीआर क्रमांक जवळ ठेवा.