‘टेक ऑफ’ची कुळकथा

इंग्रजीची खरी दुर्गमता तिच्या लांबलचक लॅटिन शब्दांत नसून चिमुकल्या शब्दांच्या जोड्यांत आहे, असें आम्हांस वाटतें. ‘टेक’ म्हणजे घेणें व ‘ऑफ’ म्हणजे दूर. यांच्या बेरजेनें टोपी काढणें हा अर्थ कसाबसा निघेल. परंतु नक्कल करणें किंवा विमानानें भूमि सोडणें हे अर्थ कसे निघावे?

या जोडीचें कूळही मिश्र आहे. ‘टेक’ हें इंग्लंडांत येऊन वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेंतील क्रियापद. त्यानें ‘निमन्’ या मूळच्या क्रियापदास हळूहळू पदच्युत केलें. बधिर या अर्थाचा ‘नम’ हा त्या जुन्या घराण्याचा एक वंशज. ‘ऑफ’ व ‘ऑव्ह’ तर एकाच शब्दाचीं दोन रूपें; जोर देऊन उच्चारलेलें तें ‘ऑफ’.

डॉ. जॉन्सन यांचा कोश सन १७५५ मध्यें प्रसिद्ध झाला. परकीयांस सर्वांत अधिक नडतो तो हाच प्रकार, असें प्रस्तावनेंत सांगून त्यांनीं अशा जोड्या मोठ्या कष्टानें वेंचल्या. तेथें ‘टेक ऑफ’चा अर्थ नक्कल करणें असा दिला आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत उडी घेतांना जमिनीवरून पाय उचलणें हा अर्थ रूढ झाला. त्यामुळें १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंचें यंत्र आकाशांत गेलें, तेव्हां त्या क्रियेसाठीं शब्द तयारच होता. १९५६ सालीं रोस्टो या अर्थशास्त्रज्ञानें तोच शब्द राष्ट्रांच्या आर्थिक उड्डाणास लावला. कोशकार अर्थ नोंदवितो, घडविणारा व्यवहारच.

आमचा विद्यार्थी निबंधांत भारदस्त शब्द लीलेनें योजतो आणि अशा जोडीपाशीं अडखळतो. त्यास मंदबुद्धि ठरविणें हा अन्याय होय. त्याला इंग्रजी भेटली ती ग्रंथांत व कचेरींत. स्वयंपाकघरांत व अंगणांत नव्हे. उलट, ‘पुस्तक वाचून काढलें’ यांत काय काढलें, किंवा ‘पैसे देऊन टाकले’ यांत काय टाकलें, हें एखाद्या इंग्रज पंडितास विचारून पाहावें. तोही असाच अडखळेल, आणि आमच्या घरचें पांच वर्षांचें पोर मात्र हीं क्रियापदें बिनचूक योजील. परभाषेच्या परीक्षेंत गुण देणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेविलें तरी पुष्कळ झालें.