शिवजन्मतिथीचा वाद आणि चिकित्सक विचाराची मूलतत्त्वे

प्रास्ताविक :

इतिहास म्हणजे सनावळ्यांचे पाठांतर, असा समज पदवी वर्गापर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यांमध्येही दृढ असतो. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख त्यांना इयत्ता चौथीपासून पाठ असते. ती कोणत्या पुराव्यावरून ठरली हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. पनवेल ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याला १९८१ मध्ये रायगडाचे नाव मिळाले. अशा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी या एका तारखेचा इतिहास हा चिकित्सक विचाराचा उत्तम वस्तुपाठ ठरू शकतो. चिकित्सक विचार म्हणजे दोष काढण्याची वृत्ती नव्हे. समोर आलेले विधान कोणाचे, ते कशाच्या आधारे केलेले आणि तो आधार किती भार पेलतो, हे तपासून मगच मत बनविणे, एवढाच त्याचा अर्थ प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे.

परंपरेने आलेली तिथी :

एकोणिसाव्या शतकात शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ म्हणजे इ. स. १६२७ मध्ये झाला असे सर्वसाधारणपणे मानले जात असे. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हेच वर्ष स्वीकारले. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीतही शके १५४९ आहे. परंतु ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे घटनेनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी लिहिलेली. महाराजांच्या सेवेत राहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत जन्मतिथीच नाही. उत्तरकालीन बखरींमध्येही एकवाक्यता नाही. कोठे वैशाख शुद्ध द्वितीया तर कोठे पंचमी. येथे पहिला धडा मिळतो. एखादे विधान दहा ग्रंथांत आढळले म्हणून त्याला दहा पुरावे मिळाले असे होत नाही. दहांपैकी नऊ ग्रंथ एकमेकांवरून उतरलेले असतील, तर पुरावा एकच राहतो.

जेधे शकावली आणि तिचे परीक्षण :

कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या घटनांच्या त्रोटक नोंदी आहेत. महाराजांचा जन्म शुक्ल संवत्सर, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी असा तीत नोंदविलेला आहे.

नवे साधन सापडले म्हणजे ते खरेच असते, असे मानणे ही जुन्या साधनाला चिकटून राहण्याइतकीच चूक होय. म्हणून या नोंदीला काही प्रश्न विचारावे लागतात. नोंद स्वतःशी सुसंगत आहे काय? शके १५४९ हे प्रभव, १५५० हे विभव आणि १५५१ हे शुक्ल संवत्सर, हे क्रमाने जुळते. फाल्गुन वद्य तृतीयेला येणारी इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०, आणि त्या दिवशी गणिताने शुक्रवारच येतो. वार, तिथी व संवत्सर यांचा असा मेळ मागाहून कल्पनेने घालणे सोपे नसते. जाणत्या ज्योतिषाला ते अशक्यही नसते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

पुढचा प्रश्न लेखकाच्या हितसंबंधाचा. जेधे घराण्याला आपल्या पूर्वजांचा पराक्रम वाढवून सांगण्याचा मोह होऊ शकतो आणि त्या प्रकारच्या नोंदी सावधपणे वाचणे इष्टच. परंतु महाराजांचा जन्म तीन वर्षांनी पुढे ढकलण्यात जेध्यांचा कोणताही लाभ दिसत नाही. याशिवाय शकावलीच्या इतर नोंदी पडताळून पाहता येतात. शायिस्ताखानावरील छाप्याची तिची तिथी चैत्र शुद्ध अष्टमी, शके १५८५, म्हणजे ५ एप्रिल १६६३ आहे, आणि इंग्रज वखारवाल्यांच्या त्याच महिन्यातील पत्रव्यवहारात या घटनेचा उल्लेख येतो. शकावलीत काही ठिकाणी चुकाही आहेत. म्हणून तिला प्रमाणग्रंथाचा मान न देता प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे तपासावी लागते.

स्वतंत्र दुजोरा :

एकट्या शकावलीवर निर्णय टेकविणे अनेकांना रुचले नाही. जदुनाथ सरकारांसारख्या साक्षेपी इतिहासकाराने १९१९ च्या आपल्या शिवचरित्रात १६२७ हेच वर्ष धरले. त्यानंतर तंजावर येथे कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य सापडले. स. म. दिवेकर यांच्या भाषांतरासह ते १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. परमानंद हा महाराजांच्या आश्रयाने लिहिणारा समकालीन कवी. त्यानेही शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच दिली आहे. दरबारी काव्यातील युद्धवर्णने अतिशयोक्त असतात. ती शब्दशः घेऊ नयेत. आपल्या आश्रयदात्याची जन्मतिथी मात्र कवी त्याच्यासमोर चुकीची सांगेल, हे संभवत नाही. एकाच ग्रंथातील एक भाग संशयाने व दुसरा विश्वासाने वाचावा लागतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड जाते. ग्रंथ खरा की खोटा असा एकच शिक्का मारून टाकण्याची त्यांना घाई असते. जोधपूरकडे मिळालेली महाराजांची जन्मकुंडलीही याच तिथीला दुजोरा देते. कारी, तंजावर आणि जोधपूर ही स्थळे परस्परांपासून इतकी दूर आहेत की या साधनांनी एकमेकांची नक्कल केली असावी असे म्हणणाऱ्यावरच ते सिद्ध करण्याचा भार येतो.

टिळकांची भूमिका येथे विशेष विचारात घेण्याजोगी आहे. १८९६ मध्ये रायगडावर झालेला उत्सव वैशाखातील, म्हणजे जुन्या परंपरेच्या तिथीला धरून होता आणि त्या उत्सवामागील प्रेरणा टिळकांचीच होती. पुढे १९०० मध्ये त्यांनी जन्मतिथीविषयी ‘केसरी’त लेख लिहिला आणि १९१६ मध्ये स्वतःच्या उत्सवाच्या तिथीला बाध आणणारे साधन स्वतःच छापले. राजकारणात त्यांच्याशी कोणाचे कितीही मतभेद असोत, पुराव्याशी वागण्याची ही रीत वर्गात सांगण्यासारखी आहे.

निर्णय आणि उरलेले प्रश्न :

महाराष्ट्र शासनाने १९६६ मध्ये इतिहासतज्ज्ञांची समिती नेमली. तथापि तिच्या सदस्यांत एकमत होऊ शकले नाही. १९ फेब्रुवारी ही तारीख शासनाने अधिकृतपणे स्वीकारली ती २००१ मध्ये. शकावली छापली गेल्याला तोवर ८५ वर्षे झाली होती. आजही अनेक ठिकाणी जयंती तिथीनुसार साजरी होते.

येथे एक बारकावा राहतो. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्यूलियन पंचांगाची आहे. इंग्रजांनी ते पंचांग १७५२ पर्यंत वापरले, त्यामुळे त्यांच्या कागदपत्रांशी मेळ घालण्यास ही तारीख सोयीची पडते. सध्या प्रचारात असलेल्या ग्रेगरियन पंचांगात त्या काळासाठी दहा दिवस वाढवावे लागतात. त्याप्रमाणे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या दिवशी १ मार्च १६३० ही तारीख येते. वार दोन्ही पंचांगांत शुक्रवारच.