रक्तपेशीजनन

रक्तपेशीजनन म्हणजे रक्तातील पेशी तयार होण्याची, आयुष्यभर अखंड चालणारी प्रक्रिया होय. बहुतेक रक्तपेशी अल्पायुषी असतात. त्यामुळे नष्ट होणाऱ्या पेशींची भरपाई सतत व्हावी लागते. ही भरपाई थांबल्यास रक्तक्षय, जंतुसंसर्ग व रक्तस्राव यांचा धोका निर्माण होतो.

रक्ताचे घटक

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यात सुमारे ५५% रक्तद्रव व ४५% पेशी असतात. रक्तद्रवात सुमारे ९०% पाणी असून त्यात प्रथिने, क्षार, ग्लुकोज व संप्रेरके असतात. रक्तपेशींचे तीन प्रकार आहेत.

* तांबड्या पेशी : हीमोग्लोबिनच्या साहाय्याने ऑक्सिजन वाहून नेतात. प्रगल्भ पेशीत केंद्रक नसल्याने तिचे विभाजन होत नाही. आयुष्य सुमारे १२० दिवस.
* पांढऱ्या पेशी : रोगजंतूंचा प्रतिकार करतात. एक घन मिमी रक्तात साधारणतः ४,००० ते ११,००० असतात.
* बिंबिका (प्लेटलेट) : रक्त गोठण्यास मदत करतात. अस्थिमज्जेतील महाकेंद्रकी पेशींचे तुकडे होऊन त्या बनतात. आयुष्य ७ ते १० दिवस.

निर्मिती

गर्भावस्थेत रक्तपेशी प्रथम पीतककोशात, नंतर मुख्यतः यकृतात व पुढे अस्थिमज्जेत तयार होतात. प्रौढांमध्ये हे कार्य प्रामुख्याने कणा, उरोस्थी, बरगड्या व कटिरास्थी यांतील तांबड्या मज्जेत चालते. सर्व रक्तपेशींचा उगम रक्तजनक मूलपेशींपासून होतो. कॅनडातील जेम्स टिल व अर्नेस्ट मॅककलक यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून १९६१ मध्ये या पेशींच्या अस्तित्वाचा पुरावा मिळाला. मूलपेशी विभाजित होताना स्वतःसारख्या पेशी राखतात आणि विशिष्ट कार्याच्या पेशीही निर्माण करतात.

नियंत्रण व पोषण

रक्तातील ऑक्सिजन कमी झाल्यास मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक स्रवते व तांबड्या पेशींची निर्मिती वाढते. म्हणूनच मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकारात रक्तक्षय आढळतो. हीमोग्लोबिनसाठी लोह, तर पेशीविभाजनासाठी बी-१२ जीवनसत्त्व व फॉलेट आवश्यक असते. मुंबईतील गरोदर कामगार स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास करताना ल्युसी विल्स यांना यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे आढळले. हे संशोधन १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्कातील गुणकारी घटक फॉलेट असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

वैद्यकीय महत्त्व

रक्ताच्या कर्करोगात अपरिपक्व किंवा सदोष पेशींची बेसुमार वाढ होऊन निरोगी पेशींची निर्मिती खुंटते. विदर्भ व खानदेशातील आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात हीमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर नष्ट होतात. अशा काही विकारांत जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशींचे रोपण करून रक्तनिर्मिती पूर्ववत करता येते. अस्थिमज्जा रोपणातील कार्यासाठी डोनल थॉमस यांना १९९० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.